रूट कॅनालआधी थ्रीडी स्कॅन : प्रत्येकाला लागतोच का?

“डॉक्टर, रूट कॅनाल झालं, कॅपही बसवली, तरी चावताना दाढ दुखते. एखादं अँटिबायोटिक द्या ना!” अशी मागणी माझ्याकडे नेहमी येते. अशा वेळी एक शक्यता असते, ती म्हणजे दाढेतली एखादी नलिका साफ व्हायची राहून गेलेली असणे. तिथे रक्तपुरवठा नसल्याने गोळीचे औषध पोहोचतच नाही.

साध्या एक्स-रेमध्ये काय दिसत नाही?

एक्स-रे म्हणजे दाताची सपाट सावली. एकामागे एक असलेल्या दोन नलिका त्यात एकच भासतात. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला सहसा तीन मुळे असतात, पण गालाकडच्या पुढच्या मुळात निम्म्याहून अधिक लोकांना आणखी एक बारीक नलिका असते. नेमकी तीच अनेकदा सुटते.

हे कसे कळले?

व्हर्टुची यांनी १९८४ मध्ये काढलेले दात पारदर्शक करून, आत रंग भरून नलिकांचे आठ प्रकार मांडले. आता मायक्रो-सीटीने दात न कापता काही मायक्रॉनपर्यंतचे बारकावे दिसतात. उपकरणे फिरवल्यावरही नलिकेच्या भिंतीचा बराच भाग अस्पर्शित राहतो, हे त्यातूनच स्पष्ट झाले. म्हणूनच नलिका औषधी द्रावणाने धुणे महत्त्वाचे असते.

मात्र मायक्रो-सीटीला वेळ आणि किरणोत्सर्ग इतका लागतो की तो फक्त काढलेल्या दातांवरच करतात. दवाखान्यात होतो तो सीबीसीटी. त्यात बारकावा कमी असतो. शिवाय धातूची कॅप किंवा जुने फिलिंग असेल तर चित्रावर रेघा उमटतात.

मग स्कॅन कधी करावा?

अमेरिकेतील रूट कॅनाल तज्ज्ञ आणि दंत रेडिओलॉजिस्ट यांच्या संघटनांनी २०१५ मध्ये संयुक्तपणे सांगितले की आधी साधा एक्स-रे काढावा आणि गरज असेल तरच, शक्य तितक्या छोट्या भागाचा सीबीसीटी करावा. जादा नलिकेची शंका, पुन्हा करायचे रूट कॅनाल किंवा मुळाची शस्त्रक्रिया असेल तर तो खरोखर उपयोगी पडतो. सरसकट तपासणी म्हणून नाही.

स्कॅन सुचवला तर दोन प्रश्न जरूर विचारा : यामुळे माझ्या उपचारात काय बदलेल? आणि फक्त त्याच भागाचा स्कॅन होईल का? गरोदर असाल तर तसे आधीच सांगा.

रूट कॅनालनंतर दुखणे टिकून राहिले तर मनाने गोळ्या न घेता दंतवैद्यांना दाखवा. चेहऱ्यावर सूज, ताप किंवा गिळायला त्रास असेल तर त्याच दिवशी जा.