वाघांची बातमी आणि चिकनचं दुकान

डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. त्यांच्या नमुन्यांत बर्ड फ्लूचा एच5एन1 विषाणू सापडल्याचं भोपाळच्या प्रयोगशाळेने कळवलं. एवढं पक्कं. लागण खाद्यातल्या कोंबडीतून झाली असावी, हा अंदाज होता. पण मथळ्यातून ‘असावी’ सगळ्यात आधी गळतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले बगचं कारण सापडेपर्यंत तिकीट बंद करत नाही. इथे मात्र एका दिवसात निकाल!

त्याची किंमत मौद्यातला चिकनवाला मोजतो, आणि या धंद्यात आपली किती मुलं आहेत हे सांगायला नको. 2020 मध्ये कोरोनाच्या अफवेने राज्यभर कोंबडीचे भाव कोसळले. सरकारने खुलासा केला, तरी गिऱ्हाईक लगेच परतलं नाही.

गंमत म्हणजे अशा बातम्या घाबरवतात खाणाऱ्याला. 70 अंशांवर नीट शिजलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही. खरा धोका आजारी पक्षी हाताळणाऱ्याला, म्हणजे दुकानात उघड्या हातांनी पिसं काढणाऱ्या पोराला. हातमोजे, मास्क, साबण, आजारी कोंबडी परत पाठवणं, मेलेल्या पक्ष्यांची खबर पशुवैद्यकीय दवाखान्यात देणं: त्याच्या कामाच्या या चार ओळी बातमीत क्वचितच असतात. पुढच्या वेळी वाघाचा फोटो फॉरवर्ड करण्याआधी नमुना कोणाचा तपासला ते बघा, आणि या ओळी त्या पोराला पाठवा.