मोटार बोलण्यावर चालेल, पण हुकूम कोणाचा?

शेतकरी बंधूंनो, मोबाईलवरून विहिरीवरची मोटार चालू-बंद करणे आपल्याला नवे नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ला नोकिया कंपनीचे बक्षीस मिळाले ते २००९ साली. रात्रीच्या लाईटीला बॅटरी घेऊन काट्याकुट्यातून जाण्याची पाळी अशा स्टार्टरमुळे अनेकांची टळली. आता पुढची पायरी येऊ घातली आहे. बटण दाबायचे नाही, नुसते बोलायचे. यंत्र ऐकणार आणि उत्तरही देणार.

विचारपूस करायला ही सोय चांगलीच आहे. पीएम-किसानसाठी केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये ‘किसान ई-मित्र’ सुरू केले, पुढे त्यात मराठीही आली. लिहिता-वाचता न येणारी आजीसुद्धा हप्ता का अडला ते बोलून विचारू शकते. नीट कळले नाही तर पुन्हा विचारील, एवढेच.

मोटारीचे तसे नाही. फुटव्हॉल्व्ह काढायला कोणी विहिरीत उतरलेला असतो, वायरमनने पेटी उघडलेली असते, आणि घरून पोरगा हुकूम सोडतो!

त्यात आपली भाषा. मराठीत नकार येतो वाक्याच्या शेवटी. ‘चालू करू नको’ म्हणताना रेंज तुटली आणि शेवटचा शब्द गळाला, तर यंत्राने काय समजावे? बहुतेक यंत्रणांत तुमचा आवाज इंटरनेटवरून लांबच्या संगणकाकडे जातो, म्हणून ही भीती पोकळ नाही. शिवाय बोलणारा मालक की आणखी कोणी, हे यंत्राला ओळखता येतेच असे नाही. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोच्या टीव्हीवर निवेदकाने बातमी सांगता सांगता एक वाक्य उच्चारले, तर ते ऐकून लोकांच्या घरातली ‘अलेक्सा’ यंत्रे बाहुलीघराची ऑर्डर द्यायला निघाली. तिथे बाहुलीघरावर भागले.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, चालू करण्याचा हुकूम यंत्राने उलट म्हणून दाखवलाच पाहिजे. ‘मळ्यातली मोटार दीड तास चालू करू का?’ असे विचारावे आणि ‘हो’ आल्याशिवाय हलू नये. बंद करताना मात्र विचारत बसू नये, लगेच बंद. ‘चालू झाली’ हेही ॲम्पिअर पाहून सांगावे, हुकूम पोहोचला म्हणून नव्हे. दुकानदार एसीत बसून दाखवील ते पाहून पैसे मोजू नका. वारा सुटलेला, शेजारी ट्रॅक्टर चालू, आणि तुम्ही घरी बोलता तीच वऱ्हाडी किंवा अहिराणी. अशी परीक्षा घ्या. ‘अडीच’ आणि ‘सव्वा’ कळते का बघा. दुरुस्तीच्या वेळी मेन स्विच पाडून किटकॅट काढून खिशात ठेवायचे, ही जुनी सवय मोडू नका. यंत्र कितीही गोड बोलो.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही सांगणे आहे. नळयोजनेच्या पंपावर असे काही बसवणार असाल, तर हुकूम कोण देणार हे आधी ठरावात लिहा. कोणते नंबर जोडले त्याची यादी पंपघरात लावा. पाणी सोडणारा माणूस बदलला, की त्याचा नंबर त्याच दिवशी काढून टाका.