जुना हिशेब, नवे पोर्टल आणि मधला दुवा

भोसरी, चिखली, तळवडे या भागांत लेथ, प्रेस व पावडर कोटिंगची कामे करणाऱ्या आपल्या कितीतरी बांधवांचा माल चाकणच्या मोठ्या कारखान्यांत जातो. सकाळी निघालेला टेम्पो दुपारपर्यंत गेटवर पोहोचतो. पैसे मात्र कुठेतरी अडकून बसतात. कारण एकच बिल तीनदा टाइप होते: आपल्या जुन्या संगणकात, सरकारी पोर्टलवर आणि ग्राहक कंपनीच्या पोर्टलवर. एक आकडा चुकला की बिल परत येते. मग कोणी सल्लागार येतो आणि सांगतो, जुने सगळे काढून टाका, नवे घ्या.

आमचे मत वेगळे आहे. जुनी यंत्रणा नीट हिशेब ठेवत असेल तर ती मोडण्याची गरज नाही. तिला नव्याशी जोडणारा दुवा हवा. रेल्वेने २००२ साली इंटरनेटवर तिकीटविक्री सुरू केली तेव्हा खिडकीवरची आरक्षण यंत्रणा मोडीत काढली नाही, नवी वेबसाइट तिलाच जोडली. म्हणून घरबसल्या घेतलेला बर्थ खिडकीवर दुसऱ्याला विकला जात नाही. हिशेब एकच, दरवाजे दोन.

पण दुवा कच्चा असला तर काय होते, हे आपल्या पुण्यानेच पाहिले आहे. कॉसमॉस बँक १९०६ सालची, जुनी सहकारी बँक. एटीएमवर कार्ड टाकले की मागणी आधी स्विचकडे जाते आणि स्विच बँकेच्या मूळ खात्याला विचारतो, शिल्लक आहे काय? ऑगस्ट २०१८ मध्ये चोरांनी मध्ये खोटा स्विच बसवला. तो मूळ खात्याला न विचारताच 'हो' म्हणत राहिला. ११ ऑगस्टला देशोदेशींच्या एटीएममधून आणि १३ ऑगस्टला परदेशी हस्तांतरणातून मिळून ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. मूळ खातेवही शाबूत होती. खोटे बोलला तो मधला निरोप्या.

लहान कारखानदाराने यातून तीन गोष्टी घ्याव्यात, असे आम्हाला वाटते. पहिली, एका बिलाला एकच क्रमांक, आणि तोच तिन्ही ठिकाणी. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींपेक्षा जास्त उलाढाल असणाऱ्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचे आहे. तिथे तेच बिल पुन्हा पाठवले तर पोर्टल दुसरा नोंदणी क्रमांक देत नाही. हीच शिस्त आपल्या चलनालाही लावावी. दुसरी, पाठवले म्हणजे पोहोचले असे समजू नये. समोरून पोच आल्याशिवाय नोंद पुरी धरू नये. तिसरी, रोज संध्याकाळी दुकान बंद करताना तिन्ही ठिकाणच्या आकड्यांचा मेळ घालावा. रोजकीर्द आणि गल्ला जुळवल्याशिवाय आपले वडीलधारे घरी जात नसत. ही तीच सवय आहे.

यात पैशाचाही प्रश्न आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे, लेखी करार काहीही असो, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत मिळाले पाहिजेत. पण माल कोणत्या दिवशी स्वीकारला, याचा पुरावा आपल्याजवळ नसेल तर दिवस मोजणार कुठून?

एकट्याला असा दुवा तयार करून घेणे महाग पडेल. एका गाळ्यातल्या चार-पाच कारखानदारांनी मिळून एक जाणकार माणूस लावावा. पासवर्ड मात्र ज्याचा त्याने आपल्याजवळच ठेवावा. मोठ्या कंपन्यांनीही पोर्टलवर हाताने टाइप करायला लावण्याऐवजी आपल्या संगणकातली फाइल थेट स्वीकारावी, अशी मागणी सर्वांनी मिळून केली पाहिजे. हातात कसब असूनही केवळ कागद जुळत नाही म्हणून आपल्या घामाचा पैसा अडावा, हे आता तरी थांबले पाहिजे.