आग्रह आणि हिशेब

दिवाळीच्या अंकात वजन उतरवण्याविषयी लिहिणे म्हणजे लग्नघरी वैराग्याचे कीर्तन लावण्यासारखे आहे, याची मला पूर्ण कल्पना आहे. वाचकांच्या हातात या घटकेला बहुधा चकली असेल, आणि ती त्यांनी खुशाल खावी. माझे भांडण चकलीशी नाही. माझे भांडण आहे ते नको म्हणणाऱ्यापुढे ताट सरकवून ‘घ्या की हो, एकानं काय होतंय?’ असे विचारणाऱ्या माणसाशी. आणि तोच माणूस महिन्याभराने चारचौघांत ‘काय हो, पोट काही कमी झालं नाही तुमचं!’ असे म्हणतो, तेव्हा तर हे भांडण हातघाईवर यावयास हवे असे मला वाटते.

मी कंधारचा. आमच्याकडे दिवाळी संपली की किल्ल्याच्या खंदकाच्या बाजूने पहाटे फिरावयास निघणाऱ्यांची गर्दी होते. गळ्याला मफलर, पायात नवे बूट, आणि तोंडी ‘आता सुरू केलंय’ हे वाक्य. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरेपर्यंत यातली निम्मी मंडळी अंथरुणात परत गेलेली असतात. मग शहाणी माणसे निकाल देतात की, यांच्यात जिद्दच नाही. हा निकाल मला साफ अमान्य आहे. हाच माणूस रात्री दोन वाजता वीज आली म्हणून कुडकुडत गव्हाला पाणी द्यावयास जातो. हाच नवरात्रात नऊ दिवस उपवास करतो. ज्याला हे जमते, त्याला पाऊण तास चालणे आणि दुपारचे फरसाण सोडणे जमू नये, हे केवळ जिद्दीच्या अभावाने कसे होईल?

फरक जिद्दीत नाही, भोवतालच्या माणसांत आहे. नवरात्राच्या उपवासाला सारे घर साक्षी असते. ताटात चुकून भाकरी पडली तर चार जण ‘अहो, उपवास ना?’ म्हणून हात धरतात. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या वारकऱ्याला मटणाचा आग्रह करणारा यजमान मी अजून पाहिला नाही. त्याने ‘माळकरी आहे’ एवढे दोन शब्द उच्चारले की विषय संपतो, आणि यजमानाचा अपमानही होत नाही. आमच्या गावात हाजी सय्याह यांचा दर्गा आहे, मुसलमानांची मोठी वस्ती आहे. रमजानमध्ये रोजा धरलेल्या माणसापुढे ‘एक कप चहानं काय होतंय’ म्हणून कप सरकवण्याचा असभ्यपणा गावातला कोणताही हिंदू करीत नाही. म्हणजे दुसऱ्याच्या व्रताचा मान कसा राखावा, हे आपल्या समाजाला उत्तम ठाऊक आहे. मात्र त्या व्रतामागे देव असावा लागतो! गुडघे दुखतात म्हणून, रक्तात साखर वाढली म्हणून किंवा धाप लागते म्हणून कुणी व्रत धरले की ते व्रत राहत नाही; ती चेष्टेची गोष्ट होते. ‘आता काय, मिस्टर इंडिया व्हायचंय का?’ असे विचारले जाते. देवाला दिलेला शब्द पवित्र आणि स्वतःच्या देहाला दिलेला शब्द पोरकट, हा कुठला न्याय?

या आग्रहामागचा इतिहास मला ठाऊक आहे, आणि त्याविषयी मला आदरही आहे. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या चांगल्या खात्यापित्या घरांतली माणसे रस्त्यांच्या कामावर खडी फोडीत होती. परदेशातून आलेली तांबडी मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर त्यांनी दिवस काढले. ज्या आईने ते दिवस पाहिले, तिला मुलाच्या अंगावरचे मांस हीच आबादानी वाटली, तर त्यात नवल नाही. ‘तब्येत झाली’ याचा अर्थ आपल्या भाषेत जाड होणे असाच आहे. पण तेव्हाचा माणूस दिवसभर उन्हात राबत होता. आज शेतात ट्रॅक्टर आहे, दाराशी मोटारसायकल आहे, ज्वारीच्या रानात सोयाबीन आहे आणि पानात भाकरीच्या शेजारी भात, पोळी आणि बिस्किटाचा पुडा आहे. दुष्काळातली माया सुकाळात तशीच चालू ठेवली, तर ती माया राहत नाही.

शिवाय आपला देह या बाबतीत फार लबाड आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपली छायाचित्रे शेजारीशेजारी छापली. उंचीच्या मानाने वजन दोघांचे अगदी सारखे. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, तर आपल्या याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के! बारीक दिसणारा भारतीय आतून लठ्ठ असू शकतो, हे त्या एका चित्राने साऱ्या जगाला सांगितले. म्हणून आपल्याकडे कंबरेचा घेर पुरुषांनी 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांनी 80 सेंटिमीटरच्या आत ठेवावा, असे डॉक्टर सांगतात. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे चौथा हिस्सा प्रौढ स्त्री-पुरुषांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. तेव्हा हा श्रीमंतांचा रोग आहे, असे म्हणून कंधारने आता हात झटकू नयेत.

आता उपायांकडे वळू. लातूर आमचा शेजारी. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी एक मोहीम उभी केली. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटपा, मध्ये काही खाऊ नका आणि 45 मिनिटे चाला, असा तिचा सारांश. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा, हे ते स्वतः सांगत आले. दुसऱ्या बाजूला मुंबईच्या ऋजुता दिवेकर. त्या म्हणाल्या, थोडे थोडे पण वेळेवर खा, तूप खा, आजीच्या हातचे खा. 2018 च्या सुमारास महाराष्ट्राने या दोघांवरून जे रण माजवले, त्यापुढे पानिपत फिके पडावे. घरोघरी दोन पक्ष झाले. नवरा दोनदा खाणाऱ्यांत, बायको दर दोन तासांनी खाणाऱ्यांत!

नेमक्या त्याच 2018 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष छापला. 609 माणसांचे दोन गट केले. एकाने वर्षभर स्निग्ध पदार्थ कमी केले, दुसऱ्याने साखर-पिष्ट कमी केले. वर्षाअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी 5.3 किलो उतरले, दुसऱ्याचे 6 किलो. म्हणजे मानण्याजोगा फरक नाही. पण एकेका गटाच्या आत पाहावे, तर कुणाचे पंचवीस किलोंवर उतरलेले आणि कुणाचे उलट वाढलेले. याचा अर्थ सरळ आहे. काय खावे यावर आपण जितके भांडलो, त्याच्या चतुर्थांश विचारही ‘धरलेले टिकवावे कसे’ यावर केला नाही. दीक्षितांच्या मोहिमेत मला सर्वांत मोलाची वाटते ती 55 मिनिटे नव्हेत. सुरू करण्यापूर्वी रक्त तपासा, मोबाइलवरच्या समूहात अहवाल द्या, तीन महिन्यांनी पुन्हा तपासून पुन्हा कळवा, ही जी विनामूल्य हिशेबाची व्यवस्था होती, ती खरी मोलाची. आणि नेमके तिच्यावर कुणी भांडले नाही! (मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून जेवणे कमी करू नयेत, साखर एकाएकी उतरून जिवावर बेतते.)

हिशेबाचे हे बळ न्यूयॉर्कच्या एका गृहिणीने साठ वर्षांपूर्वीच ओळखले होते. जीन निडेच हे तिचे नाव. 97 किलो वजनाची ही बाई शहराच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यात आहाराचा तक्ता घेऊन आली, आणि घरी चोरून बिस्किटे खात राहिली. दवाखान्यात खरे सांगवेना. तेव्हा 1961 साली तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावले आणि त्यांच्यापुढे बिस्किटांची चोरी कबूल केली. त्या बैठका दर आठवड्याला होऊ लागल्या, आणि 1963 साली त्यांतून ‘वेट वॉचर्स’ ही जगप्रसिद्ध संस्था निघाली. तक्ता जुनाच होता. नवीन होते ते एवढेच की आता खरे ऐकून घेणारे कुणी तरी होते.

पण हिशेब कशाचा मागावा? इथे आपला समाज सपशेल चुकतो. आपण देहाचा हिशेब मागतो. ‘किती उतरलं?’ ‘काहीच फरक दिसत नाही!’ हे प्रश्न विचारणाऱ्याला वाटते, आपण प्रोत्साहन देत आहोत. वास्तविक, काट्यावरचे वजन एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होते. रात्री खारट चिवडा खाल्ला की अंगात पाणी साठते आणि सकाळी काटा चढतो. शिवाय देह उतरलेले वजन परत मिळवण्यासाठी झगडत असतो. ऑस्ट्रेलियात 2011 साली दिसून आले की, वजन उतरवून वर्ष लोटले तरी भूक वाढवणारी द्रव्ये रक्तात चढीच राहतात. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या दूरचित्रवाणी स्पर्धेतले 14 जण सहा वर्षांनी तपासले, तर त्यांचा देह विश्रांतीच्या वेळी अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळीत होता. अशा झुंजीत असलेल्या माणसाला ‘काय, पुन्हा सुटलात का?’ असे विचारणे हे प्रोत्साहन नव्हे, ती निर्दयता आहे.

हिशेब मागावयाचा तो कृतीचा. ‘या आठवड्यात किती दिवस चाललात? रात्रीचे जेवण किती वाजता झाले?’ याचे उत्तर माणसाच्या हातात असते, काट्याचे नसते. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 531 माणसांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2006 साली आले. ज्यांना चालण्याचा आणि आहाराचा सल्ला देऊन वेळोवेळी विचारपूस केली, त्यांच्यात मधुमेह होण्याचा धोका 28.5 टक्क्यांनी घटला. आणि गंमत अशी की, त्यांचे वजन फारसे उतरलेच नव्हते! 2013 साली त्यांनीच दाखवले की, नियमित मोबाइलवर संदेश पाठवण्यानेदेखील पुरुषांत हा धोका सुमारे एक तृतीयांश कमी होतो. केवळ काट्याकडे पाहणाऱ्याने या साऱ्या माणसांना नापास केले असते.

आणि हिशेब कुणी मागावा? हा प्रश्न आपल्या घरात फार नाजूक आहे, म्हणून तो मी मुद्दाम सणाच्या दिवशी काढतो. बहुतेक घरांत नवरोबा संकल्प सोडतात आणि पोलिसाची नोकरी बायकोला देतात. तिने भात कमी वाढला तर ‘मला उपाशी मारतेस का?’, आणि वाढला तर ‘तूच तर वाढलास!’ स्वयंपाक दोन प्रकारचा तिने करावा, बोलणी दोन्हीकडून तिने खावीत. तिचे स्वतःचे वजन? त्याचा हिशेब तर कुणीच ठेवीत नाही. ती सर्वांच्या शेवटी जेवते, ताटातले उरलेले ‘वाया जाऊ नये’ म्हणून पोटात टाकते आणि पहाटे फिरावयास निघाली तर सासूबाई चहा कोण टाकणार म्हणून विचारतात. ज्या घरात बाईला पाऊण तास मोकळा मिळत नाही, त्या घराने तिला ‘जाड’ म्हणण्याचा अधिकार गमावला आहे.

तेव्हा माझे मागणे थोडके आहे. संकल्प धरणाऱ्याने त्याची दवंडी पिटू नये. शंभर जणांच्या शाबासकीने पोट भरते आणि पाय हलत नाहीत. त्याने एकच साक्षी निवडावा, बरोबरीचा, घरातल्या चुलीशी बांधलेला नसलेला. आठवड्याचा एक वार ठरवावा. त्या वारी काय केले आणि काय राहिले ते खरे सांगावे. साक्षीदाराने रागवू नये, हसू नये आणि विसरू नये. विशेषतः विसरू नये, कारण उत्साह आटल्यावर त्या विचारण्याचाच आधार असतो. पेरणीच्या वेळी शेतकरी प्रेरणेची वाट पाहत नाही, वापसा आला की तिफण जुंपतो. चालण्याचेही तसेच आहे. वार आला, वेळ झाली, निघालो.

आणि आपण बाकीच्यांनी? आपल्याला काहीच करावयाचे नाही. फक्त एक गोष्ट सोडावयाची आहे. या दिवाळीत कुणी ‘मला एवढंच पुरे’ म्हणाला, तर माळकऱ्याला देतो तेवढा मान त्याच्या शब्दाला द्यावा. ताट पुढे करावे, एकदाच करावे, आणि नको म्हटले की आनंदाने मागे घ्यावे. त्याने तुमच्या लाडवाचा अपमान केलेला नाही. पुढच्याही दिवाळीला तुमच्या घरी धडधाकट पायांनी यावे, एवढीच त्याची इच्छा आहे.