शिपाईहि मोडींत काढणार काय ?

रे रोड स्टेशनांत उतरून समुद्राच्या बाजूस गेलें कीं दारूखाना लागतो. तेथें जुन्या आगबोटी मोडतात. त्याच किनाऱ्यावर २०१४ सालीं 'विक्रांत' ही लढाऊ नौका मोडण्यास घेतली. १९७१ च्या युद्धांत जिच्या विमानांनीं चितगांव व कॉक्स बझार हीं बंदरें झोडपलीं, तीच ही नौका. १९९७ सालीं ती निवृत्त झाली. कांहीं वर्षें लोकांस दाखविण्यापुरती ठेवली, पण तिच्या डागडुजीचा खर्च कोणीं सोसावा हें ठरेना. शेवटीं सुमारें ६० कोटींस ती भंगारांत गेली. २०१६ सालीं तिच्या पोलादाच्या फटफट्याहि निघाल्या. लोखंडाचें ठीक आहे. वितळविलें कीं त्याचें दुसरें कांहीं होतें. पण ज्यांनीं तोफा ओढल्या, बर्फांत पहारे केले, त्यांचे हातपाय थकले म्हणजे त्यांस कोणत्या धक्क्यावर नेऊन मोडावयाचें ?

शेतकरी व कारागीर बांधवांनो, हा प्रश्न तुम्हांसच विचारावयाचा, कारण शिपाई निघतो तो तुमच्याच घरांतून. सातारा-रत्नागिरीकडील कित्येक गांवीं अजून दगडी पाट्या आहेत : १९१४ च्या महायुद्धास या गांवचे इतके गेले, पैकीं इतके मेले. परक्या सरकारनें मेलेल्यांची मोजदाद दगडांत कोरली. जिवंत परतलेले आणि आज अंथरुणास खिळलेले किती, याची मोजदाद आपल्या सरकारनें कोठें मांडली आहे ?

सरकार कांहींच देत नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. खोट्या पायावर मागणी उभी राहत नाहीं. तेव्हां काय मिळतें तें आधीं पाहूं.

शिपायास पेन्शन लागण्यास साधारणतः पंधरा वर्षें चाकरी लागते. तीपूर्वीं घरीं आलेल्यास पेन्शन नाहीं. असा गरीब माजी सैनिक किंवा त्याची विधवा, हवालदार हुद्द्यापर्यंतची व पांसष्ट वर्षांपुढची असेल, तर केंद्रीय सैनिक बोर्ड दरमहा अनुदान देतें. तें चार हजार होतें. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांस आठ हजार झालें. वाढ चांगली झाली. पण हिशेब करा : आठ हजारांस तीस दिवसांनीं भागा, रोजचे २६६ रुपये पडतात. २०२५-२६ सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीवर खडी फोडणाराचा रोज ३१२ रुपये होता. त्याहून कमी पैशांत म्हाताऱ्यानें खावें, औषध घ्यावें आणि रात्रंदिवस उठवणारा-बसवणारा माणूसहि ठेवावा ! शिवाय हा पैसा येतो ध्वजनिधींतून, म्हणजे लोकांच्या देणग्यांतून. १९४९ पासून दर ७ डिसेंबरास ध्वजदिन होतो. आम्ही मास्तर लोक पोरांच्या खाऊचे पैसे गोळा करून पाठवितों, आणि आनंदानें पाठवितों. पण देशाचें कर्ज पोरांच्या खाऊनें फिटत नसतें.

दुसरा आहे सेवेकऱ्याचा भत्ता. तो दरमहा ६,७५० रुपये ठरला. महागाई भत्ता पन्नास टक्क्यांनीं चढला कीं त्यांत चौथाईची भर पडते. पण तो मिळतो नोकरीमुळें शंभर टक्के अपंग ठरलेल्यास, आणि त्यास सेवेकरी लागतो असें डॉक्टरांच्या मंडळानें लिहून दिलें तरच. तिसरी, २००३ सालीं सुरू झालेली दवाखान्याची योजना. ती पेन्शनवाल्यांसाठीं, आणि मुख्यतः तपासणी, औषध व इस्पितळ यांसाठीं. चौथें, कण्यास दुखापत होऊन पंगु झालेल्यांसाठीं खडकीस १९७४ पासून चाललेलें केंद्र.

आतां यांतलें भोंक पाहा. समजा, एक हवालदार सतरा वर्षें चाकरी करून घरीं आला. पंचाहत्तरीस त्याला अर्धांगवायु झाला. पेन्शन आहे, म्हणून गरिबीचें अनुदान नाहीं. आजार नोकरींत झाला नाहीं, म्हणून सेवेकऱ्याचा भत्ता नाहीं. कण्यास गोळी लागली नाहीं, म्हणून खडकी नाहीं. इस्पितळानें पंधरा दिवस ठेविलें व घरीं पाठविलें. पुढें ? त्यास न्हाऊं कोण घालणार, घास कोण भरवणार, कूस कोण बदलणार ? त्याची सत्तरीची बायको, नाहींतर सून. सुनेची शेतावरची मजुरी बुडते, ती कोणाच्या खात्यावर मांडावयाची ?

कोणी शहाणा म्हणेल, आईबापांस सांभाळणें ही आपली रीतच आहे, आणि २००७ चा कायदाहि तसेंच सांगतो. खरें आहे. पण पोरगा सीमेवर पाठवितांना 'तो बापाच्या घरचा आहे, बापानेंच पोसावा' असें कोणी म्हटलें नव्हतें. तेव्हां तो देशाचा होता. तरुणपण देशाचें आणि म्हातारपण सुनेचें, ही कोठली वाटणी ? गरज सरो नि वैद्य मरो, दुसरें काय !

अमेरिकेंत युद्धकाळीं नोकरी केलेल्या गरजू माजी सैनिकास अंघोळ, कपडे, जेवण यांस दुसऱ्याची मदत लागूं लागली, तर त्याच्या पेन्शनींत वेगळी भर पडते. त्याच्या विधवेसहि ती मिळते. दुखणें लढाईंतलेंच पाहिजे अशी अट तेथें नाहीं. मिळकतीची मर्यादा मात्र आहे, आणि ती असावीहि. तो देश श्रीमंत आहे हें आम्हांस ठाऊक आहे. आम्ही त्याची रक्कम मागत नाहीं, त्याचें माप मागतों. जखम कोठें झाली हें विचारूं नका, माणूस आपल्या हातानें जेवतो काय एवढें विचारा.

म्हणून मागण्या तीन. पहिली : सेवेकऱ्याचा भत्ता गरज पाहून द्यावा, पेन्शनवाल्यास, बिनपेन्शनवाल्यास आणि विधवेसहि; आणि तो सरकारी तिजोरींतून द्यावा. दुसरी : सेवा घरची बाई करीत असेल तर पैसा तिच्या हातीं पडावा. तिसरी : ज्यांस घरच नाहीं किंवा चाळीच्या एका खोलींत खाट मावत नाहीं, त्यांच्यासाठीं मुंबईंत सेवागृह काढावें. पंगु शिपायांसाठीं क्वीन मेरी शाळा १९१७ सालीं लेडी विलिंग्डन यांनीं मुंबईंतच काढली होती. पुढें ती खडकीस गेली. रे रोडपासून शिवडीपर्यंत बंदराची शेंकडों एकर जमीन आहे, आणि तिच्यावर उंच इमारतींचे बेत चालले आहेत. त्यांत म्हाताऱ्या शिपायांच्या शंभर खाटांस जागा नसावी ?

मागणी मान्य होईपर्यंत हात जोडून बसूं नका. जें आज मिळतें तें तरी सोडूं नका. ट्रंकेंतलें डिस्चार्ज बुक बाहेर काढा, वाळवी लागली असेल तर झाडा. अर्ज आतां संगणकावर भरावा लागतो. ऐंशीच्या म्हाताऱ्यास तो कसा जमणार ? शाळेंत शिकलेल्या पोरानें तो भरून द्यावा आणि म्हाताऱ्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत हाताला धरून न्यावें. ग्रामसभेंत ठराव करून गांवांतील अंथरुणास खिळलेल्या माजी सैनिकांची व विधवांची यादी करा आणि ती आमदाराच्या हातीं द्या. तो झेंडावंदनास येईल, त्याच दिवशीं द्या. सर्व गांवासमक्ष वाचून द्या.