चेहरा कुणाचा, नाव कुणाचं?
अमली पदार्थांची बातमी आली की आपल्याकडे चित्र ठरलेलं: टेबलावर मांडलेल्या पुड्या, मागे उभे पोलीस, नाहीतर अंधारात सुई टोचून घेणारा हात. यातून भीती पोचते, माहिती पोचत नाही. अमेरिकेतल्या ओपिऑइडच्या, म्हणजे अफूवर्गीय वेदनाशामक आणि अमली पदार्थांच्या व्यसनाच्या, साथीवर दोन वेगळ्या मांडण्या झाल्या. 2018 मध्ये ‘टाइम’ने अख्खा अंक जेम्स नॅक्टवे या एकाच छायाचित्रकाराला दिला. रस्त्यावरचे व्यसनी, तुरुंग, अंत्यविधी, सगळं कृष्णधवल. ते पाहून मन हेलावतं, पण नजर बळींवरच खिळून राहते. 2019 मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने कोर्टात झगडून सरकारी नोंदी मिळवल्या आणि 2006 ते 2012 या काळात पुरवलेल्या 7,600 कोटी वेदनाशामक गोळ्यांचा हिशेब काउंटीवार नकाशावर मांडला. त्या नकाशात ना सुई होती, ना रडणारी आई. गोळ्या बनवणाऱ्या आणि पोचवणाऱ्या कंपन्या मात्र नावानिशी वाचकासमोर आल्या. आपल्या मांडणीकारांनी एवढं तरी पाळावं: व्यसनात अडकलेल्याचा चेहरा झाकावा आणि पुराव्यानिशी सापडलेल्या पुरवठादाराचं नाव ठळक छापावं.