टाकी किती लिटरची, हा प्रश्नच चुकीचा

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट असो की कुर्ला, शोभेच्या माशांच्या दुकानात ‘आफ्रिकन सिक्लिड मिक्स’ मागितलं की प्लॅस्टिकच्या पिशवीत दीड-दोन इंचांची आठ-दहा पिल्लं मिळतात. पिवळी, निळी, काळ्या पट्ट्यांची. सोबत सल्लाही फुकट मिळतो: ‘दोन फुटी टाकी बस झाली, मासा टाकीएवढाच वाढतो.’ पहिले काही महिने सगळं झकास चालतं. मग एक मासा अख्खी टाकी आपल्या नावावर करून घेतो आणि बाकीचे हीटरमागे, फिल्टरच्या पाइपाआड, फाटक्या शेपट्यांनी वरच्या वर तरंगत राहतात. तक्रार केली की उत्तर ठरलेलं असतं: ‘ही जातच भांडखोर.’ जात भांडखोर आहे, हे खरंच. पण भांडणात हरलेल्याला पळायला किती जागा लागते, हे टाकी विकताना कुणी मोजलेलं नसतं.

‘टाकीएवढाच वाढतो’ हा दावा आधी निकालात काढू. लहान टाकीत माशाची वाढ खुंटते, हे बरोबर. पण ती साचलेल्या घाणीमुळे आणि कायमच्या ताणामुळे खुंटते. मासा काही जागा पाहून अंग आखडून घेत नाही. शिवाय तो खुंटेपर्यंत बराच वाढलेला असतो. मिक्सच्या पिशवीत हमखास सापडणारा, जिराफासारख्या ठिपक्यांचा व्हेनस्टस बघा. मलावी सरोवरातल्या या माशाचा नर दहा इंचांपर्यंत जातो. दोन फुटी टाकीची रुंदी साधारण बारा इंच. त्याला वळायचं झालं तरी शेपटी काचेला घासणार.

दुसरा दावा हिशेबी माणसांचा आहे: एक इंच माशाला एक गॅलन पाणी. ऐकायला सोपा, पण गणितातच लंगडा. एकेक इंचाचे दहा मासे आणि दहा इंचांचा एक मासा या नियमाला सारखेच. प्रत्यक्षात लांबी दहापट झाली की त्याच बांध्याच्या माशाचं वजन हजारपट होतं. म्हणजे तो एकटा मासा त्या दहांच्या एकूण वजनाच्या शंभरपट भरतो, आणि त्याची विष्ठाही त्या दहांपेक्षा कितीतरी पट जास्त असते.

तिसरा दावा सगळ्यात शहाणा वाटतो आणि म्हणूनच सगळ्यात फसवतो: ‘लिटर भरपूर असले की झालं.’ समजा, एक टाकी ४८ इंच लांब, १८ इंच रुंद आणि १८ इंच उंच आहे. दुसरी २४ बाय २४, उंची २७ इंच. गुणाकार करून पाहावा. दोन्हींचं घनफळ १५,५५२ घन इंच, काठोकाठ भरल्या तर सुमारे २५५ लिटर. थेंबाचाही फरक नाही. पण पहिलीचा तळ सहा चौरस फुटांचा, दुसरीचा चार. पहिलीत पाठलाग चुकवणारा मासा चार फूट पळू शकतो, दुसरीत दोनच. मलावीचे बरेच नर तळाजवळ दगडांची कपार धरून बसतात. उंच टाकीतलं वरचं फूटभर पाणी हरलेल्या माशांना लटकत राहण्यापुरतंच. पृष्ठभाग कमी, म्हणून हवेतून मिळणारा प्राणवायूही कमी. ‘फ्लॅटमध्ये लांब टाकीचा भार पडतो’ ही तक्रार तर उलटीच आहे. तेवढंच पाणी उंच टाकीत चार चौरस फुटांवर दाबतं, लांब टाकीत सहा चौरस फुटांवर पसरतं.

पाण्याच्या प्रमाणाला काहीच किंमत नाही, असं मात्र नाही. मलावी आणि टांगानिका या दोन्ही सरोवरांचं पाणी अल्कधर्मी आहे. मलावीचा पीएच साधारण ७.७ ते ८.६. अशा पाण्यात विष्ठेतून येणारा अमोनिया जास्त घातक ठरतो. पीएच ७.२ वरून ८.२ वर गेला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. सत्तर लिटरच्या टाकीत चुकून दुप्पट पडलेलं खाणं किंवा रात्रभर बंद राहिलेला फिल्टर जीवघेणा ठरतो, तो यामुळे. अडीचशे लिटरमध्ये सावरायला निदान वेळ मिळतो.

आता पूर्वपक्षातला सर्वांत भक्कम मुद्दा. जाणकार पाळणारे म्हणतात, म्बुना मुद्दाम गर्दीने ठेवावेत. गर्दीत राग वाटला जातो, एकाच माशावर फुटत नाही. मुद्दा खरा आहे. म्बुना म्हणजे मलावीच्या खडकाळ किनाऱ्यावरचे मासे. नाव तिथल्या टोंगा भाषेतलं. जेफ्री फ्रायर यांनी न्खाटा बेच्या किनाऱ्यावर केलेला अभ्यास १९५९ साली प्रसिद्ध झाला. एकाच खडकावरचं शेवाळ खाणाऱ्या कितीतरी जाती तिथे दाटीने नांदतात, हे त्यांनी तपशिलाने नोंदवलं. पण त्या खडकांपुढे साडेपाचशे किलोमीटरहून लांब सरोवर पसरलेलं आहे. हुसकावलेला मासा दोन दगड ओलांडून दुसरीकडे जातो. दोन फुटी टाकीत तीच गर्दी केली तर दाटी राहते, दुसरीकडे मात्र काच येते. गर्दीचा उपाय लांब तळ, भरपूर कपारी आणि दांडगा फिल्टर असेल तेव्हाच लागू पडतो.

दुसऱ्या टोकाचे कर्मठही आहेत. सहा फुटांखाली आफ्रिकन मासा ठेवणं हे पापच, असं ते सांगतात. त्यांना टांगानिकाचा मल्टिफॅसिएटस उत्तर देतो. जेमतेम दोन इंचांचा हा मासा रिकाम्या शंखात राहतो, तिथेच अंडी घालतो, वाळू उपसून आपापल्या शंखाभोवती खड्डा करतो. त्याचं अख्खं कुटुंब दोन-अडीच फुटी टाकीत पिढ्यान्पिढ्या सुखाने राहतं. त्याच सरोवरातला फ्रंटोसा फूटभर वाढतो. दोघेही आफ्रिकन, दोघेही सिक्लिड. तेव्हा ‘आफ्रिकन सिक्लिडला किती मोठी टाकी?’ या प्रश्नाला एक उत्तर असूच शकत नाही.

उत्तर जातीपासून सुरू होतं. पूर्ण वाढल्यावर तो किती इंचांचा होणार? त्याचं राज्य दगडात, वाळूवर, शंखात की मोकळ्या पाण्यात? नरामागे किती माद्या? तोंडात अंडी उबवणाऱ्या मलावीच्या माशांत ‘जोडी’ घेणं म्हणजे एका मादीला मरेस्तोवर पिटाळणं. एका नरामागे तीन-चार माद्या हव्यात. एवढं कळलं की आधी टाकीची लांबी ठरवावी, मग रुंदी, आणि उंची शेवटी.

घरातल्या भिंतीलगत दोन-अडीच फूट जागा असेल, तर शंखात राहणारे मासे घ्यावेत. तीन फूट असेल तर सॉलोसीसारखी एकच छोटी जात. तिचे नर निळे आणि माद्या पिवळ्या, त्यामुळे रंगांची हौसही भागते. चार फूट लांब आणि दीड फूट रुंद टाकीत येलो लॅबसारख्या दोन-तीन निवडक म्बुना जातींचे बारा-पंधरा मासे राहतील. व्हेनस्टस आणि फ्रंटोसा सहा फूट लांब, दोन फूट रुंद टाकीसाठी ठेवावेत. उंचीही रुंदीएवढीच धरली तर तिच्यात पाणीच पावणेसातशे किलोच्या आसपास भरतं, म्हणून आधी इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं. आणि आत कोणती जात आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही, ती ‘मिक्स’ची पिशवी कोणत्याही मापाच्या टाकीसाठी घेऊ नये.